तिथीची पाऊणपट

नागपुरात मनीषनगरातल्या पक्षीनिरीक्षकाचा गजर पहाटे पाचचा. उजाडताना अंबाझरीच्या नाहीतर गोरेवाड्याच्या काठावर पोचलं की झालं. तलावाचं पाणी काही तासांत हटत नाही. हीच सवय घेऊन तो ठाण्याच्या खाडीवर गेला, तर पहाट वाया जाऊ शकते. तिथले पक्षी जेवतात ते ओहोटीच्या वेळेवर.

ओहोटी लागते, चिखल उघडा पडतो आणि पंगत बसते. आखूड चोचीचा चिखल्या डोळ्यांनी हेरून वरवरचे किडे टिपतो. तुतवार चोच चिखलात खुपसतो; तिच्या टोकाला दाब कळतो, त्यामुळे गाळातला न दिसणारा किडाही त्याला सापडतो. लांब चोचीचा पाणटिवळा आणखी खोल जातो. एकाच चिखलात प्रत्येकाचा मजला वेगळा.

रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, या पक्ष्याची तऱ्हाच न्यारी. दुर्बीण स्थिर धरून त्याची चोच पाहावी: मधोमध मोडल्यासारखी वाकलेली. मान खाली घातली की चोच उलटी होते, वरचा जबडा तळाशी जातो. जाडजूड जीभ पंपासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते, बाहेर लोटते, आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्यांची चाळणी अन्न अडवते. छोट्या रोहिताची चाळणी इतकी बारीक, की सूक्ष्म शेवाळही त्यात अडकतं. पिसांचा गुलाबी रंग याच अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा; पिल्लं करड्या रंगाची असतात.

ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ. पण भरतीत चिखल बुडाला की रोहितांचे थवे नवी मुंबईच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. त्या भरावाखाली गेल्या, तर खाडी राखूनही पक्ष्यांना अर्धा दिवस टेकायला जागा उरणार नाही.

भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीच्या वेळाही त्याप्रमाणे सरकतात. किनाऱ्यावरच्या माणसांचा ठोकळ हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास खाडी भरलेली. चिखल उघडा पडायला दुपार उजाडते, आणि भांगाचे दिवस असल्याने पाणी फार मागेही हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भरती दुपारी बाराच्या आसपास, त्यामुळे पूर्ण ओहोटी पहाटे सहाला. त्या दिवशी नागपूरचा पाचचा गजर खाडीवरही चालतो: उजाडताना पक्षी दूर चिखलात असतात, आणि चढतं पाणी त्यांना हळूहळू काठाकडे आणतं.