चाचा, मी आणि पद्मिनीचं इंजिन

दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी चाचांचं पत्र्याचं शेड आहे. महिनाभर माझे रविवार तिथेच जातायत, प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनपाशी. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५. मूळची ही फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. 'पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचं.

हेड उतरवलं तर वॉल्व्हवर काजळीचा थर! पेस्ट लावायची आणि दांडी दोन्ही तळहातांत रवीसारखी घुमवत वॉल्व्ह सीटवर घासायचा. मला वाटलं, दहा मिनिटांत झालं. चाचांनी काही न बोलता पोर्टमध्ये रॉकेल ओतलं. कडेने बारीक ओल पाझरली.

"रॉकेल थांबत नाही, तिथं कॉम्प्रेशन काय थांबणार? घास परत."

चौथ्या खेपेला कडा एकसारखी करडी झाली, ओल थांबली. मग चहा आला, तोही त्यांच्याच पैशाने.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे. नाहीतर हेड वाकतं, गॅस्केट जातं. मॅन्युअलमध्येही हेच असतं म्हणा. पण चाचांचं मॅन्युअल त्यांच्या मनगटात आहे, आणि मला ते 'इंजिनियरसाहेब' म्हणून चिडवतात.

पुढच्या रविवारी फायरिंग ऑर्डर १-३-४-२ तपासून सेल मारायचाय. बॅटरी कुणाची लावायची, यावर सध्या भांडण चालू आहे.