हवेनें थंड राहणारीं फोक्सवॅगन व्हॅनचीं एंजिनें

विहिरीवर डिझेल एंजिन बसविणाऱ्या कास्तकारास त्याच्या दोन जाती ठाऊक असतात : एक पाण्यानें थंड होणारी व दुसरी हवेनें. या दुसऱ्या जातीचा मोटारींतील प्रसिद्ध नमुना म्हणजे जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीची व्हॅन होय. बेन पोन नांवाच्या डच व्यापाऱ्यानें १९४७ सालीं तिचें साधें रेखाटन केलें, व १९५० च्या मार्च महिन्यापासून ती कारखान्यांत तयार होऊं लागली. सुमारें पाऊण टन माल नेणारी ही गाडी तिकडील शेतकरी, लहान व्यापारी व कारागीर यांस फार उपयोगी पडली. आज तिचे जुने नमुने लोक हौसेनें जपतात. अशी गाडी घेणारा प्रथम अश्वशक्ति विचारतो. परंतु एंजिनाचें आयुष्य ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट निराळी आहे. थंड हवा एंजिनास कोणत्या वाटेनें मिळते, हें आधीं पाहिलें पाहिजे.

हें एंजिन गाडीच्या पाठीमागें असतें. त्यांत चार सिलिंडर, दोन उजवीकडे व दोन डावीकडे, आडवे बसविलेले असतात. रेडिएटर किंवा पाण्याच्या नळ्या मुळींच नाहींत. म्हणून पाणी उकळण्याची अगर हिंवाळ्यांत गोठण्याची भीति नाहीं. प्रत्येक सिलिंडरभोवतीं धातूच्या पातळ पाती असून, पंखा बाहेरची हवा ओढून पत्र्याच्या आवरणांतून त्या पातींमध्यें ढकलतो. उष्णतेचा कांहीं भाग तेल वाहून नेतें.

या एंजिनाच्या मुख्य जाती दोन. पहिली उभ्या घडणीची. १९५० सालीं ती ११३१ सी. सी. व २५ अश्वशक्तीची होती. पुढें ११९२ सी. सी. व ३० अश्वशक्ति, १९६३ सालीं १४९३ सी. सी. व ४२, आणि १९६७ सालीं गाडीची दुसरी पिढी निघाली तेव्हां १५८४ सी. सी. व ४७ अशी तिची वाढ झाली. हिच्यांत पंखा वर असून तो डायनॅमोच्या दांड्यावर बसविलेला असतो, व तो दांडा रबरी पट्ट्यानें फिरतो. पट्टा तुटला कीं डायनॅमो थांबतो, आणि त्याबरोबर पंखाही थांबतो. चालकासमोर लाल दिवा लागतो. त्या क्षणीं गाडी उभी करून एंजिन बंद केलेंच पाहिजे. थोडें पुढें जाऊन पाहूं म्हणणाऱ्याचें एंजिन तापून निकामी होतें.

दुसरी जात बसक्या घडणीची. १९७१ च्या ऑगस्टपासून ती या व्हॅनमध्यें मिळूं लागली : प्रथम १६७९ सी. सी. व ६६ अश्वशक्ति, १९७३ सालीं १७९५ सी. सी. व ६८, आणि १९७५ सालीं १९७० सी. सी. व ७०. येथें पंखा थेट क्रँकशाफ्टच्या टोकास जोडलेला आहे. पट्टा तुटल्यास बॅटरी भरणें तेवढें बंद पडतें. एंजिन फिरतें तोंवर पंखाही फिरतो. दिवा दोहोंकडे लालच लागतो, पण त्याचा अर्थ सारखा नाहीं.

केवळ गाडीचें साल पाहून जात ठरवूं नये. कारण नवी जात आल्यावरही जर्मनींत १९७९ पर्यंत उभें एंजिन याच गाडींत विकलें जात होतें. ब्राझीलमध्यें तर तें २००५ पर्यंत चाललें. मागील झांकण उघडून पाहणें हाच खरा उपाय. उभें पंखाघर व त्यास लागून डायनॅमो दिसल्यास पहिली जात समजावी. सर्व रचना खालीं दबलेली असल्यास दुसरी.

आणखी दोन भेद खरेदीदारानें ध्यानीं ठेवावे. उभ्या एंजिनाची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. बसक्याची ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असून अधिक टिकाऊ आहे. बसक्या एंजिनास बदलतां येणारा तेलाचा फिल्टर आहे. उभ्यांत फक्त जाळी असून तेल अवघें अडीच लिटर मावतें. म्हणून तेथें तेल वेळच्या वेळीं बदलण्यांत कुचराई करूं नये.

दोन्ही जातींत एंजिनाभोवतींचे पत्रे व रबरी पट्ट्या पूर्ण असाव्या. त्या नसल्यास खालची तापलेली हवा वर चढते, व पंखा तीच पुन्हां आंत ओढतो. पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक अगर चिरलेल्या दिसतांच बदलाव्या. पेट्रोल गळून आग लागली व मॅग्नेशियमची पेटी पेटली, तर पाणी टाकल्यानें ती अधिकच भडकते.

विहिरीवरील वायुशीत एंजिनासही यांतील मुख्य नियम लागू आहे. दुरुस्तीच्या वेळीं काढलेला पत्रा पुष्कळदां "यावांचून चालतें" म्हणून कोपऱ्यांत पडून राहतो, आणि पातींत धूळ व काडीकचरा भरतो. एंजिन चालतें खरें, पण आंतून भाजत असतें. तो पत्रा परत बसवावा, पाती साफ कराव्या, व मगच हंगामास आरंभ करावा.