वहींत न उतरलेली नोंद

विद्यार्थिमित्रांनो, पुस्तक वेळेवर परत करूनहि दंड भरावा लागला, तर तुम्हांस काय वाटेल? आमच्या परिचयाच्या एका ग्रंथालयांत असेंच घडलें. मुलगा म्हणे, "पुस्तक दिलें". संगणक म्हणे, "आलें नाहीं". आणि सर्वांनीं विश्वास ठेवला तो संगणकावर! तेथील प्रोग्रॅम आम्हींच लिहिलेला होता. म्हणून दोष शोधणें हें आमचें कर्तव्य ठरलें.

प्रोग्रॅमची भाषा पायथन. ती ग्विडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. नोंदी एसक्यूलाइट नांवाच्या डेटाबेसमध्यें राहत. विद्यार्थी, पुस्तकें व देवघेव यांचीं निरनिराळीं कोष्टकें करून तीं क्रमांकांनीं जोडावयाचीं, ही एडगर कॉड यांची १९७० सालची कल्पना त्याच्या मुळाशीं आहे.

अशा डेटाबेसमध्यें नोंद करणें म्हणजे आधीं पाटीवर लिहून मग वहींत उतरविणें होय. 'कमिट' ही आज्ञा दिल्यावांचून मजकूर वहींत उतरत नाहीं. प्रोग्रॅम बंद होतांच पाटी पुसली जाते. पुस्तक देतांना ही आज्ञा आम्हीं लिहिली होती. परत घेतांना ती लिहावयास विसरलों. तरीहि दोष नेहमीं दिसत नसे. कारण पुढचें पुस्तक कोणास दिलें कीं, त्या वेळच्या कमिटनें आधींची परतीची नोंदहि वहींत जाई. दिवसाचें शेवटचें पुस्तक दिल्यानंतर जीं पुस्तकें परत येत, तेवढ्यांच्याच नोंदी सायंकाळीं नाहींशा होत.

मग आमची चाचणी कशी उत्तीर्ण झाली? प्रोग्रॅम व डेटाबेस यांमधील दुव्यास जोडणी म्हणतात. ज्या जोडणीनें नोंद केली, तिलाच आम्हीं ती नोंद विचारली. तिला स्वतःची पाटी दिसतच होती. उत्तरपत्रिका ज्यानें लिहिली, त्यालाच ती तपासावयास देण्यासारखें हें झालें.

दोष शोधतांना तर्क लढविण्यापूर्वीं तो पुन्हां घडवून आणावा, हा पहिला नियम. खऱ्या नोंदींस हात न लावतां आम्हीं एका तात्पुरत्या फाइलींत निराळा डेटाबेस केला. परतीची नोंद करून जोडणी बंद केली आणि नव्या जोडणीनें विचारलें. नोंद नव्हती! येथें केवळ संगणकाच्या स्मृतींत राहणारा डेटाबेस उपयोगी पडत नाहीं. कारण नव्या जोडणीस तो रिकामाच मिळतो. नंतर प्रोग्रॅम एकेका ओळीवर थांबवून पाहिला, तेव्हां कमिटची उणीव सांपडली. दुरुस्ती एका ओळीची होती. ती चाचणी मात्र आम्हीं कायम ठेवली. प्रोग्रॅममध्यें कांहींहि बदल केला कीं ती प्रथम चालवितों.

त्या मुलास दंड परत मिळाला. परंतु त्याच्या शब्दावर घेतलेला संशय पुसून टाकणें तितकें सोपें नव्हतें. म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, संगणकाची नोंद प्रमाण मानण्यापूर्वीं तिची परीक्षा कोणीं व कशी घेतली, हें अवश्य विचारावें.