मे महिन्यातली थंडी

मे महिना म्हटला की आपल्याला माठ, वाळा आणि आंबे आठवतात. इंग्लंडातला भाजीबागवाला मात्र याच महिन्यात संध्याकाळी आभाळाकडे पाहून धास्तावतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, म्हणजे जमिनीची ऊब रात्रीत उडून पहाटे दव गोठणार! टोमॅटो, घेवडा, भोपळा ही मंडळी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागांतली. एका रात्रीत त्यांची पाने काळी पडतात. खिडकीत महिनाभर जपलेली रोपे जातात. पुन्हा पेरावे, तर तिथला उन्हाळाच मुळी आखूड. टोमॅटो पिकणार कधी?

म्हणून रोपांना दिवसा बाहेर, रात्री घरात, असे आठदहा दिवस रुळवतात (पोराला बालवाडीत रुळवावे तसे!) आणि मेअखेर वाफ्यात लावतात. बटाट्याच्या कोंबांवर माती चढवतात; ऐनवेळी जुनी वर्तमानपत्रेही पांघरतात. वाटाणा आणि कोबी मात्र थंडीला सहसा दाद देत नाहीत.

ही नुसती हौस नव्हे. मागणी असेल तिथे लोकांना भाजीसाठी जमीन भाड्याने देण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. पुरा तुकडा सुमारे अडीचशे चौरस मीटरांचा. दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच ‘विजयासाठी खणा’ अशी हाक दिली. रेशन तर १९५४ पर्यंत चालले. तेव्हा एका थंड पहाटेचा हिशेब थेट ताटात दिसे.

जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा होतो. आता भीती उलटी! लांब दिवसांनी पालक फुलोऱ्यावर येतो, लेट्यूस कडवटते. मग उरलेली पाने घाईने शेजारीपाजारी वाटावी लागतात.