एका दिवसाचे तीन ऋतू आणि घरातलं कपाट

ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरी ७ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारचं २२-२३. थंडीची लाट आली की पहाट ३-४ अंशांपर्यंत खाली येते, आणि एखाद्या आठवड्यात धुकं हटायलाच तयार नसतं तेव्हा दुपारही सकाळसारखीच जाते. पण एरवीचे दिवस बघा. एकाच दिवसात पंधरा अंशांचा फरक! मनालीला एक जाडजूड जॅकेट चढवलं की दिवस निघतो. आपल्याकडे तेच जॅकेट अकरा वाजता हातावर येतं, एक वाजता वर्गातल्या बाकावर राहतं आणि संध्याकाळी सहाला मुरारच्या रस्त्याला लागल्यावर त्याची आठवण होते.

पुण्या-मुंबईहून लग्नाला येणाऱ्या नातेवाइकांना हे पटत नाही. ते एकतर पातळ स्वेटर घेऊन येतात आणि पहिल्याच रात्री आपल्या रजया पळवतात, नाहीतर बर्फात जायच्या तयारीने येतात आणि दुपारच्या पंगतीत घामाघूम होतात. त्यांचं सोडा. इथेच जन्मलेली आपली मुलंसुद्धा तेच करतात. माझ्या भाचीने कॉलेजच्या पहिल्या वर्षी एक भलंमोठं फुगीर जॅकेट घेतलं. आत कायम एक जुना, विटलेला टी-शर्ट. दुपारी उकडायला लागलं की जॅकेट काढायची सोय नाही, कारण आतलं दिसेल! मग बाईसाहेब उन्हात लाल होऊन बसायच्या. तेव्हापासून मी घरातल्या सगळ्या तरुण मंडळींना एकच सांगते: वरचं काढल्यावर जे खाली उरेल, तेही चारचौघांत दिसण्याजोगं हवं. प्रत्येक थर कधी ना कधी सगळ्यात वरचा थर होणार आहे, असं धरूनच सकाळी कपाट उघडायचं.

आपल्याला हे कुणी बाहेरच्याने शिकवायला नको. गोधडी म्हणजे दुसरं काय? जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे मऊ पदर एकावर एक ठेवून धावदोरा घातलेला. त्यातला एकही पदर एकटा उबदार नसतो. ऊब येते ती पदरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. कपड्यांचंही तसंच आहे. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे जास्त ऊब धरतात, अट एवढीच की ते एकमेकांना आवळणारे नसावेत. घट्ट टी-शर्टवर घट्ट स्वेटर आणि त्यावर घट्ट जॅकेट चढवलं तर मधली हवाच निघून जाते, आणि तीन कपडे घालूनही माणूस कुडकुडतो. म्हणून आतून बाहेर येताना प्रत्येक कपडा थोडा सैल होत गेला पाहिजे. जॅकेट घेताना दुकानात स्वेटर घालूनच जा.

सगळ्यात आतला थर म्हणजे आपल्याकडचे लोक ज्याला नुसतं ‘इनर’ म्हणतात तो. हा एकच कपडा अंगाला चिकटून असावा. मुली इथे एक गोष्ट विसरतात, ती गळ्याची. कुर्त्याचा गळा मोठा आणि आतल्या इनरचा गळा वर आलेला, हे काही छान दिसत नाही. खोल गळ्याचं एक आणि बंद गळ्याचं एक अशी दोन इनर ठेवली की प्रश्न मिटतो. बंद गळ्याचं, काळं किंवा गडद मरून घेतलं तर ते लपवायचीही गरज नाही. वर उघड्या बटणांचा शर्ट घालून तेच दाखवा. जीन्सच्या आत थर्मल लेगिंग घालायला मुलगे लाजतात. का, ते देव जाणे. जीन्स ही शेवटी सुतीच. सकाळच्या गाडीवर ती बर्फासारखी गार पडते.

मधला थर हा खरा रंगाचा आणि हौसेचा. फ्लॅनेलचा चौकडीचा शर्ट, कॉर्डरॉयचा शर्ट, खादीचा जाड कुर्ता, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, यातलं काहीही चालेल. दुपारभर हाच दिसणार आहे, म्हणून पैसे खर्च करायचे असतील तर इथे करा. त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर. माझ्या मते आपल्या हिवाळ्यातला सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित कपडा हाच. छाती आणि पाठ उबदार राहते, हात मोकळे राहतात, दुपारी फार उकडत नाही, आणि काढला तर घडी करून पिशवीत मावतो.

आणि हा स्वेटर बहुतेकांच्या घरात पडून आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या आजच्या साठीपुढच्या बायकांनी थंडीतल्या दुपारी गच्चीवर उन्हात बसून किती स्वेटर विणले असतील, त्याला गणती नाही. दोन उलट, दोन सुलट अशी बॉर्डर, मधे वेणीची नक्षी. नवऱ्यासाठी, दिरासाठी, मग मुलांसाठी. मुलं मोठी झाली की उसवून तीच लोकर धुऊन पुन्हा दुसऱ्यासाठी. माझ्या आईचे असे चार स्वेटर माझ्याकडे आहेत. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. त्यातला एक, शेवाळी रंगाचा, बाबांसाठी विणलेला, मागच्या वर्षी भाचीने ट्रंकेतून काढला. ढगळ होता. तिने पांढऱ्या शर्टावर घातला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि विचारलं, “मावशी, हा मी नेऊ?” कॉलेजात तीन मैत्रिणींनी कुठल्या दुकानातून आणला म्हणून विचारलं म्हणे.

तेव्हा ट्रंका उघडा. फक्त त्या स्वेटरांशी नीट वागा. खरी लोकर गरम पाणी आणि घासणं या दोन गोष्टींनी आटते, आणि आटली की परत येत नाही. कोमट पाणी, थोडा शांपू, हलक्या हाताने दाबून धुवायचं. पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी काढायचं आणि खाटेवर सपाट पसरून वाळवायचं. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो. अंगाला टोचत असेल तर आत पूर्ण बाह्यांचं सुती घाला, हा त्यावरचा साधा उपाय. खऱ्या लोकरीची एक गंमत आहे. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषते तरी ओली लागत नाही. बाजारातले बरेचसे स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. ते स्वस्त, हलके आणि उबदारही असतात, पण घाम शोषत नाहीत, आणि अंधारात काढताना चटचट ठिणग्या उडतात त्या यांच्याच.

सगळ्यात बाहेरचा थर वारा अडवण्यासाठी. इथे फॅशनचा विचार जरा बाजूला ठेवायला सांगते. आपली मुलं सकाळी सातच्या क्लासला दुचाकीवर जातात. तापमान ८ अंश असेल आणि गाडीचा वेग ताशी ४० असेल, तर उघड्या त्वचेला ते ३ अंशांसारखं लागतं. स्वेटर आणि फ्लीसमधून वारा आरपार जातो. ऊब धरायची ताकद असूनही ते गाडीवर निकामी ठरतात, म्हणून वर एक पातळ, वारा न शिरणारं जॅकेट पाहिजेच. ते जाड असण्याची गरज नाही. जाडी आतल्या थरांनी दिलेली आहे.

आणि रंग. आमच्या गल्लीतली दहा मुलं रांगेत उभी केली तर आठ जॅकेटं काळी निघतील. काळ्या रंगावर काहीही शोभतं हे खरं, पण डिसेंबरच्या धुक्यात समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला काळं जॅकेट दिसत नाही. बाहेरचा थर फिका घ्या: पिवळा, राखाडी-पांढरा, फिका निळा, काहीही. काळं प्रेम मधल्या थरावर करा.

स्टोल आणि ओढण्यांबद्दल मी फार कडक आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गाडीवर मागे सोडलेली ओढणी चाकात किंवा साखळीत अडकते आणि गळ्याला फास बसतो. आमच्या ओळखीतली एक मुलगी गेल्या हिवाळ्यात यातूनच थोडक्यात वाचली. मानेवरचा वळ महिनाभर होता. स्टोल गळ्याभोवती दोनदा गुंडाळा, दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचा आणि चेन वर ओढा. क्लासला पोचल्यावर मग हवी तशी सोडा. नाहीतर सरळ गळपट्टी घ्या, डोक्यातून घालायची, गोल विणलेली. दोन दिवसांत विणून होते, आजीला सांगून बघा.

कपडे जास्त लागतात का? मुळीच नाही. तीन शर्ट किंवा कुर्ते, एक बिनबाह्यांचा आणि एक पूर्ण बाह्यांचा स्वेटर, एक जॅकेट आणि एक शाल. शर्ट तीन, त्यावर स्वेटर नाही, अर्धा किंवा पूर्ण, असे तीन प्रकार, त्यावर काही नाही, जॅकेट किंवा शाल, असे आणखी तीन. सत्तावीस तऱ्हा झाल्या. त्या एकमेकींना शोभायला हव्यात म्हणून स्वेटर आणि शाल साध्या एका रंगाच्या आणि नक्षी, चौकडी, छापा हे सगळं शर्टावर, एवढं पथ्य पुरतं. खरेदी करायचीच असेल तर हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांच्या दुकानांवर एक चक्कर मारा, नाहीतर मेळ्याची वाट बघा. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या मेळ्यात आपल्या चार पिढ्यांनी गरम कपडे घेतलेत.

संध्याकाळचा हिशोब वेगळा. चालताना शरीर स्वतःच तापतं, बसल्यावर तापत नाही. तानसेन समारोहाच्या रात्रीच्या मैफलीला जाताना म्हणूनच मेळ्यात फिरताना घालता त्यापेक्षा एक थर जास्त घ्या. उघड्यावर दोन-तीन तास मांडी घालून बसायचं असतं आणि गारठा खालूनही येतो. माझ्या पिशवीत एक जुनी चादर चौघडी करून असते, ती बसायला. शाल पांघरायला. कनटोपी लाजेखातर पर्समध्ये ठेवायची आणि दुसऱ्या रागाला सगळ्यांच्या आधी घालायची. आजूबाजूचे जाणकार केव्हाच घालून बसलेले असतात.

संक्रांतीला तर आपली पंचाईत ठरलेली. शेजारच्या हिंदी भाषक काकू दर वर्षी विचारतात, सणाला काळं कसं नेसता? काळं ऊन शोषून घेतं, थंडीच्या सणाला तोच रंग बरा, हे उत्तर मी पाठ केलंय. पण हळदीकुंकू असतं संध्याकाळी, ऊन गेल्यावर. काळ्या चंदेरीवर पाठ उघडी टाकणारं ब्लाउज घालून कुडकुडत वाण लुटण्यापेक्षा बंद गळ्याचा, अंगाबरोबर बसणारा पातळ स्वेटरच ब्लाउज म्हणून घाला. मरून किंवा मोहरीच्या रंगाचा. त्यावर ठुशी जशी उठून दिसते, तशी ब्लाउजवर दिसत नाही. परकराच्या आत लेगिंग आहे की नाही, हे कोण बघतंय?

घरातल्या वडीलधाऱ्यांचं मात्र आपण बघायला हवं. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात त्या सुख देतात, हिवाळ्यात घर बाहेरपेक्षा गार. वय झालं की थंडी वाजतेय हे लवकर कळतही नाही. आजी-आजोबांना डोक्यातून घालायचे स्वेटर देऊ नका. खांदे दुखतात म्हणून ते घालायचेच टाळतात आणि आपल्याला सांगत नाहीत. समोरून बटणांचे, मोठ्या बटणांचे, पातळ दोन द्या. पायात मोजे, पण गुळगुळीत फरशीवर घसरणार नाहीत असे. शेगडी पेटवून दार-खिडक्या लावून झोपणं तर पूर्ण बंद. कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. हीटरजवळ बसताना ॲक्रिलिकची शाल बाजूला. ती पेट घेते तेव्हा वितळून अंगाला चिकटते.

इंदूरच्या मंडळींनी यातला एक थर वजा करून वाचावं, बडोद्याच्या मंडळींनी दोन.

रथसप्तमी झाली की आवराआवरीची घाई सुरू होते. स्वेटर धुऊन, कडक उन्हात झटकून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासकट ट्रंकेत. करा, पण होळीपर्यंत एक बिनबाह्यांचा स्वेटर आणि एक शाल खुंटीवर राहू द्या. फेब्रुवारीत पाऊस पडून जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा क्लास असतोच.