जिताड्याच्या पाण्यात औषधांचे अंश

पोटात गेलेल्या औषधाचा काही भाग मूळ स्वरूपातच मूत्रावाटे सांडपाण्यात उतरतो, आणि औषधांचे मूळ रसायन तयार करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात तर हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढू शकते. हैदराबादजवळच्या पटानचेरू येथील सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ते घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही अधिक असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

रायगडासाठी हा प्रश्न दूरचा नाही. रोह्याजवळ कुंडलिका नदीच्या काठी धाटावची रासायनिक वसाहत आहेच; शिवाय रोहा-मुरूड पट्ट्यात बल्क ड्रग पार्क, म्हणजे औषधांच्या मूळ रसायनांची वसाहत, उभारण्याचा प्रस्ताव राज्याने मांडला होता, मात्र २०२२ मध्ये केंद्राने त्या योजनेसाठी गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेश यांची निवड केली.

पेणच्या खारेपाटात तळ्यांमधून वाढवला जाणारा जिताडा हा मासा या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. खाडीच्या मुखाशी जन्मलेली त्याची पिल्ले गोड्या पाण्याकडे चढतात, तिथे वाढून प्रथम नर म्हणून प्रौढ होतात, आणि पुढे काही वर्षांनी त्याच माशांचे मादीत रूपांतर होते. हा सारा बदल संप्रेरकांच्या, म्हणजे रक्तातून संदेश वाहणाऱ्या रसायनांच्या, हुकमतीखाली चालतो. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ पासून तीन वर्षे गर्भनिरोधक गोळीतील कृत्रिम स्त्री-संप्रेरक लिटरमागे अवघे ५ ते ६ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एकअब्जांश भाग) राखले असता, नर माशांच्या शरीरात व्हायटेलोजेनिन हे एरवी मादीतच बनणारे, अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि फॅटहेड मिनो या लहान माशाची संख्या जवळजवळ संपली. मिनो अल्पायुषी असल्याने ही हानी लवकर दिसली. दीर्घायुषी जिताड्यात ती कोळ्याच्या जाळ्यात उमटेपर्यंत बरीच वर्षे निघून जातील, आणि हीच खरी चिंतेची बाब आहे.

वेदनाशामक डायक्लोफेनॅकची गोष्टही अशीच आहे. ते दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे दगावल्यामुळे जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली, माणसांसाठी ते सर्रास विकले जाते, आणि लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या प्रमाणात ते ट्राउट माशाचे कल्ले व मूत्रपिंड बिघडवत असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे.

सांडपाण्याच्या नेहमीच्या तपासणीत बीओडी आणि सीओडी, म्हणजे पाण्यातील घाण कुजण्यास वा रासायनिक रीतीने विघटित होण्यास लागणारा ऑक्सिजन, मोजला जातो. त्या आकड्यांत नॅनोग्रॅमभर संप्रेरक दिसूच शकत नाही. प्रतिजैविकांच्या अवशेषांना मर्यादा घालणारा केंद्राचा मसुदा जानेवारी २०२० मध्ये आला, परंतु २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा वगळण्यात आल्या. तशा मर्यादा लागू होईपर्यंत कुंडलिकेत आणि पेणच्या तळ्यांत निदान नर जिताड्यांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन सापडते का, हे दरवर्षी पावसाळ्याआधी व नंतर तपासता येण्यासारखे आहे.