मुलींचे शिक्षण: पटावरचे आकडे आणि घरातला हिशेब

शिक्षणातली स्त्री-पुरुष समानता मोजण्याचे रुळलेले माप म्हणजे समता निर्देशांक. शाळेतल्या मुलींच्या प्रमाणाला मुलांच्या प्रमाणाने भागायचे. उत्तर 1 आले की दोघे बरोबरीत. ते 0.97 ते 1.03 च्या दरम्यान असले तरी युनेस्को समता साधली असे धरते. मापात खोट नाही, पण त्यातून कळतो तो फक्त पट. ‘मुली पटावर बरोबरीने आल्या, आता प्रश्न मिटला’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज याच मापातून निघाला आहे. दक्षिण आफ्रिकेने चारी बाजूंनी वेढलेल्या लेसोथो या डोंगराळ देशात शाळेत मुलांपेक्षा मुली जास्त दिसत आल्या. मुलींना तिथे फार मान आहे म्हणून नव्हे, तर मुलगे कोवळ्या वयात गुरे-मेंढरे राखायला डोंगरात जातात म्हणून. मुली पुढे आल्या की निर्देशांक चढतो, तसा मुलगे गळाले तरी चढतो.

जगभरात शाळेबाहेर राहिलेल्यांत मुलींचीच संख्या जास्त असणार, हेही सहसा गृहीत धरले जाते. युनेस्कोच्या 2023 च्या अंदाजानुसार जगात 25 कोटी मुले-मुली शाळेबाहेर होती. त्यांत मुली 12.2 कोटी आणि मुलगे 12.8 कोटी. मात्र ही बेरीज देशादेशांतला फरक पोटात घेते. अफगाणिस्तानात 2021 पासून मुलींना सहावीपुढची शाळा बंद आहे आणि डिसेंबर 2022 पासून विद्यापीठेही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मुली अजून मागे आहेत. शिवाय जुनी थकबाकी आहेच: जगातल्या निरक्षर प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत.

‘आईबाप अडाणी, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, म्हणून मुलगी घरी बसते’ हे स्पष्टीकरण शहरात फार सोयीचे वाटते. त्यावरचा उपायही सोपा: प्रबोधन, फेरी, भिंतीवर घोषवाक्य. वस्तुस्थिती अशी की, मुलीची शाळा सुटते तिथे बहुतेक वेळा एक घरगुती हिशेब झालेला असतो. भारतात शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 या वयापुरता, म्हणजे साधारण आठवीपर्यंतचा. प्राथमिक शाळा गावात असते. नववी-दहावीची शाळा तीन-पाच किलोमीटरवर, कधी त्याहून लांब. नेमक्या त्याच वयात मुलगी घरकामाला हाताशी आलेली असते, तिच्या एकट्याने येण्या-जाण्याची घरच्यांना धास्ती असते आणि लग्नाची बोलणीही सुरू होतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांत हा हिशेब उघड दिसतो. तिथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. पोराचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून आईबाप फडावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधले पाच-सहा महिने मुलीला आजीपाशी ठेवायचे, हंगामी वसतिगृहात घालायचे, बरोबर नेऊन धाकट्या भावंडाला तिच्या कडेवर द्यायचे, की तिचे लग्नच उरकून टाकायचे? वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याची भीती आणि नव्या कोयत्याची उचल, दोन्ही लग्नाच्याच पारड्यात पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 च्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के निघाले, बीडमध्ये 43.7. शिक्षण चांगले असते हे या आईबापांना कोणी पटवून द्यायची गरज नाही. आपल्या वाट्याला आलेला कोयता मुलीच्या हाती नको, असे त्यांनाच सर्वांआधी वाटते.

हिशेब बदलला की निर्णय बदलतो, हे बिहारच्या सायकलींनी दाखवून दिले. 2006 मध्ये तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी 2000 रुपये द्यायला सुरुवात केली. ही निवडणुकीची खिरापत, असेच अनेकांना वाटले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी बिहारची शेजारच्या झारखंडशी आणि मुलींची मुलांशी तुलना केली, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढलेली आणि मुला-मुलींतले अंतर 40 टक्क्यांनी घटलेले आढळले. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत परिणाम सर्वाधिक होता, म्हणजे अडसर रस्त्याचाच होता. शालान्त परीक्षेला बसणाऱ्या मुली 18 टक्क्यांनी वाढल्या, उत्तीर्ण होणाऱ्या 12 टक्क्यांनी. आणखी एक गोष्ट घडली, ती रकमेत मोजता येत नाही. एकटी मुलगी सायकलवरून निघाली तर गाव बोलते. दहा-बारा जणी घोळक्याने निघाल्या की काही दिवसांत कोणी मान वळवूनही पाहत नाही.

‘फी माफ केली की पुरे’ हा सरकारांचा आवडता समज. फी हा खर्चाचा एक भाग. वह्या, गणवेश, प्रवास आणि मुलीचे घरातले काम बुडते त्याची किंमत वेगळी. बांगलादेशाने हे लवकर ओळखले. 1982 मध्ये चांदपूर जिल्ह्यातल्या शाहरास्ती उपजिल्ह्यात प्रयोग झाला आणि 1994 पासून देशभरच्या ग्रामीण भागात मुलींना फीमाफीबरोबर रोख विद्यावेतन मिळू लागले. रक्कम किरकोळ होती: सहावीला महिना 25 टका, दहावीला 60. पण ती बापाच्या हाती नव्हे, मुलीच्या नावच्या बँक खात्यात जमा होई. अटी तीन: 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के गुण आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न नाही. 1991 मध्ये माध्यमिक शाळांत सुमारे 11 लाख मुली होत्या, 2005 मध्ये 39 लाख झाल्या आणि त्यांनी मुलांना मागे टाकले. तरीही 2019 च्या पाहणीत तिथल्या 20 ते 24 वयाच्या 51 टक्के स्त्रियांचे लग्न 18 च्या आत झालेले होते. मुली शाळेत आल्या, पण लग्नाचे वय त्या वेगाने पुढे सरकले नाही.

पाळी हेच मुलींच्या गैरहजेरीचे मोठे कारण, म्हणून पॅड वाटा, हाही एक लोकप्रिय समज. नेपाळच्या चितवनमध्ये एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन यांनी हजेरीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाळीमुळे वर्षाकाठी अर्धा दिवसही बुडत नसल्याचे दिसले. मासिक पाळीचे कप वाटूनही हजेरी हलली नाही. स्वच्छता आणि सन्मान यांसाठी साधने हवीतच, पण हजेरीचा भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही. स्वच्छतागृहांचे मात्र वेगळे. भारतातल्या शाळांवरच्या अंजली अदुकिया यांच्या अभ्यासात ती बांधल्यावर पट वाढला. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत ती वेगळी असणे महत्त्वाचे ठरले.

गरोदर मुलीला शाळेतून काढले की इतर मुलींवर वचक बसतो, ही समजूत काही देशांत थेट धोरणच होती. सिएरा लिओनने अशी बंदी 2020 मध्ये उठवली, टांझानियाने 2021 मध्ये.

मुलींचा कल विज्ञानाकडे नसतो, या समजुतीला भारताचेच आकडे छेद देतात. 2021-22 च्या उच्चशिक्षण पाहणीत विज्ञान शाखेत मुली 29.8 लाख आणि मुलगे 27.4 लाख होते. अभियांत्रिकीच्या पदवीला मात्र मुली सुमारे 29 टक्के. त्याच गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या पायावर उभी शाखा, पण फी जास्त, वसतिगृह लांब. तेव्हा केवळ ‘कल’ म्हणून हे सोडून देता येत नाही. शिवाय कल घडवलाही जातो: बाई-पुरुषांच्या कामांची वाटणी मुले पहिल्या धड्यांपासून पाहतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले, तर तेवढ्या एका चित्राची बातमी झाली.

शेवटचा समज क्रमाविषयीचा: आधी शिक्षण, मग आपोआप नोकरी. रॉबर्ट जेन्सन यांच्या प्रयोगात क्रम उलटा लागला. दिल्लीच्या आसपासच्या राज्यांतली काही गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून तिथे तीन वर्षे कॉल सेंटरच्या नोकरभरतीची माणसे पाठवली गेली. त्या गावांतल्या तरुणींची लग्ने लांबली आणि पाच ते पंधरा वयाच्या मुलींची शाळेतली संख्या वाढली. शाळा आणि शिक्षक पूर्वीचेच होते.